वाचक विचारतात : नसलेल्या माणसाची खोली

मागच्या अंकात इल्या काबाकोव्हच्या एका खोलीबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, छताला भोक पडलेली ती खोली. त्यावर एवढे मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतोय. कागद, फिक्सेटिव्ह आणि फ्रेमवाल्यांच्या तक्रारी पुढच्या महिन्यात, राग मानू नका.

प्रश्न : सर, मागचा अंक माझा हुकला, मित्रानं सांगितलं म्हणून विचारतोय. ती छताला भोकवाली खोली म्हणजे नेमकं काय? आणि खोलीत माणूसच नाही म्हणे, मग बघायचं काय? (एक वाचक, राजारामपुरी)

काबाकोव्ह हा सोव्हिएत काळातला मॉस्कोचा चित्रकार. पोटापाण्यासाठी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायचा, ते सरकारमान्य काम, आणि स्वतःचं खरं काम मात्र स्टुडिओत, ओळखीच्या लोकांना दाखवण्यापुरतं. १९८५ साली त्यानं एक खोली केली, 'आपल्या खोलीतून अंतराळात उडालेला माणूस' अशा अर्थाचं तिचं नाव. खोली म्हणजे तिकडच्या सामायिक फ्लॅटमधली, जिथं पाच-सहा कुटुंबांना मिळून एक किचन आणि एक संडास असायचा. आपल्या चाळीसारखं म्हणाल तर चाळीत निदान चूल तरी ज्याची त्याची असते, इथं तीही नाही.

तर त्या खोलीचं दार फळ्या ठोकून बंद केलेलं. फळ्यांच्या फटीतून आत बघायचं. आत भिंतीभर सरकारी पोस्टर्स चिकटवलेली, मधोमध स्प्रिंगा आणि पट्ट्यांचा एक मोठा गलोल टांगलेला, खाली बूट पडलेत, प्लॅस्टरचे तुकडे पडलेत, आणि वर छताला हे भलंमोठं भगदाड. बाहेर कागदावर शेजाऱ्यांचे जबाब लिहिलेले, की बाबा हा असा असा माणूस, त्याचं काहीतरी चाललेलं, आणि एका रात्री गेला. बास. माणूस कुठंच नाही. तरी पाच मिनिटांत तुम्हाला तो कळतो, कारण तुम्ही बूट बघता, मग गलोल बघता, मग वर बघता, आणि मधली गोष्ट तुमची तुम्हीच जोडता. विचारलंत ना बघायचं काय, तर हे जोडणंच बघायचं.

१९८८ ला न्यूयॉर्कमध्ये त्यानं असा पूर्ण फ्लॅटच उभा केला, दहा खोल्या, दहा माणसं, सगळी मनातली. त्यातला एक तर आयुष्यात काहीच न फेकणारा, कचऱ्यातल्या एकेका चिटोऱ्याला लेबल लावून ठेवणारा. आमच्या घरात असे दोन आहेत, पण ते असो. तो कचरावाला आता ऑस्लोच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे आणि उडालेला माणूस पॅरिसच्या पोंपिदू सेंटरकडे. काबाकोव्ह २०२३ मध्ये गेला.

प्रश्न : सर, मी फायनल इयरला आहे. डिस्प्लेसाठी मला कोल्हापूरच्या स्टुडिओत काम केलेल्या एका एक्स्ट्राची खोली करायची आहे, म्हणजे पिक्चरमध्ये मागं गर्दीत मावळा म्हणून उभा राहायचा तसला. असा माणूस खरा नाही, मी बनवलाय. माझे गाईड म्हणतात खरा माणूस शोध, डॉक्युमेंटेशन कर, खोट्याला काय अर्थ आहे. सुरुवात कशी करू, किती वस्तू लागतील, आणि पलंगावर त्याचा पुतळा ठेवू का? (एक विद्यार्थिनी, शुक्रवार पेठ)

अगं विषय भारी आहे. गाईडचं आधी बोलूया.

तुझे सर अर्धे बरोबर आहेत. खरी माणसं शोधायलाच पाहिजेत, स्टुडिओत काम केलेली म्हातारी माणसं गावात असतील त्यांच्याकडं जाऊन बस, चहा घे, ऐक. पण ऐकून झाल्यावर तुझ्या लक्षात येईल की ज्यांचं नाव टायटलमध्ये आलं त्यांच्याबद्दल सगळे बोलतायत, आणि मागं भाला धरून उन्हात उभं राहिलेल्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत. कुठं रजिस्टर नाही, फोटो नाही, असला तरी त्यात चेहरा फोकसबाहेर. खोट्या माणसाची गरज तिथंच पडते. अमेरिकेत झोई लिओनार्ड या फोटोग्राफर बाईंनी १९९३ ते ९६ या काळात फे रिचर्ड्स नावाच्या एका कृष्णवर्णीय नटीचा अख्खा फोटो-संग्रह तयार केला, लहानपणापासून म्हातारपणापर्यंत, कडा फाटलेले, टाइप केलेल्या ओळींसकट. अशी नटी कधी झालीच नाही. शेरिल डन्ये या दिग्दर्शिकेच्या सिनेमासाठी ते केलं होतं, आणि करण्याचं कारण हे की फे रिचर्ड्ससारख्या बायका खऱ्या होत्या पण त्यांचं कुणी काही जपून ठेवलं नव्हतं. हे उदाहरण सरांना दाखव. जिथं खऱ्याची नोंद आहे तिथं खोटा माणूस उभा केलास तर मीही म्हणेन कशाला, पण एक्स्ट्राच्या बाबतीत तुझा मुद्दा पक्का आहे.

आता सुरुवात. वस्तू गोळा करायला धावू नकोस, सगळी पोरं तिथंच चुकतात, जुन्या बाजारात जाऊन कंदील, ट्रंक आणि पितळी तांब्या घेऊन येतात आणि मग खोली कमी आणि गावाकडच्या थीमचं हॉटेल जास्त दिसतं. आधी एक कागद घे आणि सालं लिही. समज त्याचा जन्म १९३०. मग १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला तेव्हा तो अठरा वर्षांचा पोरगा. कामाला नुकताच लागलेला असेल तर त्या दिवशी त्याचं काय झालं? त्याच्याकडं तिथली एखादी करपलेली वस्तू आहे का? कोल्हापुरातला जुना माणूस ती वस्तू बघून मनातल्या मनात साल ओळखेल, तू लेबल लावायची गरज नाही. मनातला माणूस गावाला माहीत असलेल्या एका खऱ्या तारखेला असा खिळ्यानं ठोकून टाकला की मग तो हलत नाही.

त्याच कागदावर बारक्या गोष्टी पण तपास, कारण बघणारे तिथंच पकडतात. भत्ता लिहिलेली वही केलीस तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचे हिशोब रुपये-आणे-पैत पाहिजेत, नंतरचे नव्या पैशांत. पोस्टकार्डावर पिनकोड घातलास आणि तारीख १९६५ ची टाकलीस तर खेळ खलास, पिनकोड आला १९७२ ला. कपाटात अंथरलेला पेपर, कॅलेंडर, औषधाची पट्टी, सगळ्याला साल असतं.

आणि तू शुक्रवार पेठेची, म्हणजे पुराचं तुला मी काय सांगायचं. २०१९ च्या पुराची रेघ भिंतीवर घे. नुसती रेघ नको, ती तर डेकोरेशन झाली. रेघेच्या वरच्या वस्तू जुन्या ठेव आणि रेघेच्या खालच्या सगळ्या नव्या. खाली प्लॅस्टिकची खुर्ची, नवी गादी, मदतीत आलेली चादर, स्टीलचा स्वस्तातला डबा. वर खुंटीला मावळ्याचा फेटा, फळीवर खोट्या मिशांची डबी आणि मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमची वाळून खडा झालेली बाटली. म्हणजे त्याचं जुनं आयुष्य पाण्याच्या वर जेवढं टांगलेलं होतं तेवढंच उरलं. हे कुठंही लिहायचं नाही बरं का. दहातल्या दोघांना कळलं तरी बास, ते दोघं बाकीच्या आठांना ओढून आणून दाखवतात.

वस्तू किती? तीसेक पुष्कळ झाल्या, पण त्यातल्या निम्म्या तरी वापरलेल्या दिसल्या पाहिजेत. चप्पल घासलेली असते ती एकाच बाजूनं. आरशाचा पारा जिथं तो रोज तोंड बघायचा तिथं नाही, कडेला उडतो. फेट्याला घामाचा पट्टा असतो. सँडपेपर मारून जुनं केलेलं लगेच कळतं, त्यापेक्षा सहा महिने स्वतः वापर नाहीतर आजोबांना दे वापरायला. लाईट एकच पिवळा बल्ब. कॉलेजवाले वर ट्यूब लावतील, भांडून काढायला लाव.

पुतळा नको. अजिबात नको. पुतळा ठेवलास की लोक पुतळ्याचं नाक कसं जमलंय ते बघतात, खोली संपली. अमेरिकन आर्टिस्ट लिन हर्शमन लीसननं १९७३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या दांते हॉटेलात खोली भाड्यानं घेऊन बेडवर मेणाची दोन डोकी ठेवली होती, श्वासाचा आवाज लावलेला, येणाऱ्यानं खाली काउंटरवर सही करून किल्ली घ्यायची आणि वर जाऊन बघायचं. काही महिने चाललं, मग एकजण रात्री-अपरात्री गेला, मढी समजून त्यानं पोलिसांना फोन केला आणि पोलीस सगळं सामान जप्त करून घेऊन गेले. तिचं ते काम म्हणून जमून गेलं. तुझ्या डिस्प्लेला पोलीस आलेले प्रिन्सिपॉलना चालणार नाहीत.

प्रश्न : मध्ये एका प्रदर्शनात गेले होते. एका बाईंची पत्रं, चष्मा, औषधाच्या बाटल्या, विणायला घेतलेला अर्धा स्वेटर असं मांडलेलं. मी रडले हो अक्षरशः. आणि बाहेर पडताना दाराशी बारीक अक्षरात लिहिलेलं की ही व्यक्ती काल्पनिक आहे. मला इतका राग आला. ही सरळ सरळ फसवणूक नाही का? (एक वाचक, नागाळा पार्क)

ताई, राग रास्त आहे. पण एक विचारतो, सिनेमात नट मरतो तेव्हा रडताच की, तिथं बाहेर येऊन पैसे परत मागत नाही. फरक एवढाच की सिनेमाला जाताना आधी माहीत असतं, इथं चष्मा आणि बाटली खरी होती म्हणून बाई पण खरी धरली तुम्ही. या प्रकारातली सगळी ताकद आणि सगळी भानगड इथंच आहे, की खऱ्या वस्तूवर आपण विश्वास ठेवतो, तिच्या मालकाबद्दल चौकशी करत नाही.

काही आर्टिस्ट तर याच सवयीवर बोट ठेवायला हे करतात. स्पेनचा जोआन फोंतकुबेर्ता, त्यानं १९९७ ला माद्रिदमध्ये इव्हान इस्तोचनिकोव्ह नावाच्या सोव्हिएत अंतराळवीराचं प्रदर्शन लावलं. स्टोरी अशी की १९६८ ला सोयुझ २ यानातून हा गेला, सोबत कुत्रा, आणि गायब झाला, मग सोव्हिएत सरकारनं लाजेखातर त्याला सगळ्या फोटोंतून पुसून टाकलं. फोटो, कागदपत्रं, लहानपणीच्या आठवणी, सगळं मांडलेलं. सोयुझ २ खरंच उडालं होतं पण माणसाशिवाय. आणि अंतराळवीराचा चेहरा कुणाचा, तर फोंतकुबेर्ताचा स्वतःचाच! म्हणजे चोरानं घरात स्वतःचा फोटो लावून ठेवलेला. तरीसुद्धा २००६ ला स्पेनच्या एका टीव्ही कार्यक्रमानं ही गोष्ट खरी म्हणून दाखवली. आता यात फसवणूक कुणाची आणि हलगर्जीपणा कुणाचा ते तुम्हीच ठरवा. माझ्या मते ज्यानं चावी दाराशीच ठेवली त्यानं फसवलं नाही.

दुसरा वालिद राद, लेबनॉनचा. त्यानं 'ॲटलस ग्रुप' नावाची एक संस्थाच कल्पनेतून काढली आणि डॉ. फदल फाखुरी नावाच्या इतिहासकाराच्या वह्या त्या संस्थेला मिळाल्या असं दाखवलं. त्यातली एक वही मला फार आवडते. लेबनॉनच्या यादवी युद्धाच्या काळात बैरूतचे इतिहासकार दर रविवारी रेसकोर्सवर जमतात आणि पैज लावतात, पण पैज घोडा कुठला जिंकणार याची नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात विजयी घोड्याचा फोटो येणार, त्या फोटोत घोडा रेषेच्या किती अलीकडं किंवा किती पलीकडं असेल त्याची पैज. कारण फोटोग्राफर बरोबर रेषेवरचा क्षण कधीच पकडू शकत नाही. वहीत ते फोटो कापून चिकटवलेले, बाजूला अंतरं, पैजा, जिंकणाऱ्याचं वर्णन. युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्यांबद्दल यापेक्षा नेमकं बोललेलं मी तरी बघितलेलं नाही, आणि हे खऱ्या इतिहासकाराच्या तोंडून काढताच आलं नसतं.

आता जे मला पटत नाही ते पण सांगतो. ब्रिटिश आर्टिस्ट डेमियन हर्स्टनं २०१७ ला व्हेनिसमध्ये दोन मोठाल्या इमारती भरून बुडालेल्या जहाजातला खजिना मांडला, मालक कुणी 'सिफ अमोतान दुसरा' नावाचा, गुलामगिरीतून सुटून गडगंज श्रीमंत झालेला. नाव म्हणजे इंग्रजीतली 'मी काल्पनिक आहे' ही अक्षरं फिरवून केलेलं, आणि पोवळी चढलेला मिकी माऊस पण होता त्यात, म्हणजे चावी तिथंही ठेवलेली. पण एवढं सोनं, एवढा ब्राँझ बघून त्या अमोतानला रात्री झोप लागायची का, त्याला कुणी आई होती का, यातलं काहीच कळत नाही. मालक कुणीही असता तरी चाललं असतं. काबाकोव्हचा एक जोडी बूट जे करतो ते हर्स्टला दोन इमारती भरून जमलेलं नाही.

तुमच्या प्रदर्शनाचं म्हणाल तर माझी एकच तक्रार, अक्षर बारीक होतं ती. दाराशी लिहायचंच तर धड वाचता येईल असं लिहा. आणि त्या अर्ध्या स्वेटरवर तुम्हाला आठवण कुणाची झाली हे त्या आर्टिस्टला भेटून सांगा, तो राग त्याला पुरस्कारापेक्षा उपयोगी पडेल.

प्रश्न : हे सगळं कणेरी मठावरच्या म्युझियममध्ये आधीपासून आहेच की! शिवाय गणपतीत आपल्या मंडळांचे सजीव देखावे. अशा मांडलेल्या खोलीला इन्स्टॉलेशन म्हटलं की लगेच भारी? (एक वाचक, मंगळवार पेठ)

नाद खुळा प्रश्न. कणेरीचं सिद्धगिरी म्युझियम मला मनापासून आवडतं, सिमेंटची माणसं, बारा बलुतेदार, विहीर, नांगरट, शाळेतनं पाहुण्यांना घेऊन जायचं तर पहिलं तिथंच. पण तिथं न्हावी आहे म्हणजे सगळ्या गावांतल्या सगळ्या न्हाव्यांच्या वतीनं एक बसलाय. त्याच्या धोकटीत काय असेल ते तुम्ही आधीच सांगू शकता, वस्तरा, कातरी, वाटी. मी म्हणतोय तो प्रकार कधी सुरू होतो, तर त्या धोकटीत वस्तऱ्याखाली घडी घातलेलं लॉटरीचं तिकीट सापडतं तेव्हा. मग तो न्हावी राहत नाही, तो *तो* होतो.

सजीव देखाव्याचं उलटं आहे. तिथं माणूस हजर असतो आणि वस्तू पुठ्ठ्याच्या. पोरं महिनाभर तालीम करतात, रात्री बारापर्यंत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा करतात, आणि गर्दी रस्त्यावर उभं राहून बघते, हे सोपं काम नाही आणि त्याला कुणी कमी लेखू नये. फक्त एखाद्या वर्षी एखाद्या मंडळानं उलटं करून बघावं असं मला फार वाटतं. मांडवात एक घर, आत कुणी नाही, कॉमेंटरी नाही. लोक 'चालू कधी होणार' विचारत उभे राहतील आणि पहिल्या दिवशी कार्यकर्ते शिव्या खातील, तो भाग वेगळा.

प्रश्न : एवढी स्टोरी डोक्यात आहे तर कादंबरी लिहावी ना, सामान कशाला गोळा करायचं? (एक वाचक, गडहिंग्लज)

तुर्कस्तानचा कादंबरीकार ओरहान पामुक, त्यानं दोन्ही केलं. 'म्युझियम ऑफ इनोसन्स' ही कादंबरी आली २००८ ला आणि त्याच नावाचं, त्याच कहाणीचं म्युझियम इस्तंबूलमध्ये २०१२ ला उघडलं, जुन्या घरात. आणि वस्तू काही नंतर जमवल्या असं नाही, तो आधीपासून दुकानं पालथी घालून सामान आणायचा आणि ते समोर ठेवून लिहायचा. कादंबरीची ८३ प्रकरणं तर म्युझियमला ८३ पेट्या. खाली आत शिरताच भिंतीवर ४,२१३ सिगारेटची थोटकं टाचणीनं टोचलेली, नायकानं नायिकेची म्हणून वर्षानुवर्षं गोळा केलेली, प्रत्येकाखाली बारीक नोंद. पुस्तकात 'त्यानं चार हजार थोटकं जमवली' हे वाक्य वाचायला दोन सेकंद लागतात आणि आपण पुढं जातो. भिंतीसमोर उभं राहिलं की आधी हसू येतं, मग एकेक बघायला लागतो, हे वाकडं विझवलंय, हे रागात चिरडलंय, आणि मग त्या माणसाची थोडी भीतीच वाटायला लागते. कागदावर तो प्रेमात पडलेला वाटला होता. कशाला गोळा करायचं त्याचं उत्तर हे. पुस्तक घेऊन गेलात तर त्यातल्या छापील तिकिटावर शिक्का मारून फुकट सोडतात, हा कोल्हापूरकरांसाठी खास मुद्दा.

प्रश्न : जुन्या बाजारात कुणाकुणाचे घरगुती फोटो किलोवर मिळतात, लग्नातले, बारशातले. माझ्या काल्पनिक कुटुंबासाठी वापरले तर चालतील का? शिवाय आमच्या आत्याची ट्रंक आहे, ती पण वापरणार आहे, नाव बदलून. (एक वाचक, इचलकरंजी)

ट्रंकेचं सोपं आहे, आत्याच्या मुलांना विचारा. नाव बदललं तरी घरच्यांना साडी ओळखू येते, आणि तुम्ही तिला दुसरं आयुष्य दिलंत, त्यात दुसरं लग्न किंवा कर्ज घातलंत, की दिवाळीला भांडण ठरलेलं. नाही म्हणाले तर ट्रंक घ्या, आतलं सामान दुसरं घाला.

फोटोंना मात्र माझा विरोध आहे. इचलकरंजीतला बाजार म्हणजे फोटोतली माणसं किंवा त्यांची नातवंडं तिथनं दोन गल्ल्या सोडून राहत असणार. कुणाच्या तरी खऱ्या आजीला तुम्ही खोट्या गोष्टीतली पळून गेलेली बाई करणार आणि नात प्रदर्शन बघायला येणार, हे होतं. काढायचेच असतील तर नवे काढा. मित्रमंडळी जमवा, जुने कपडे घाला, ज्यांच्याकडं अजून रोलचा कॅमेरा आहे असा एखादा जुना फोटोग्राफर गाठा, हल्ली त्यांना काम कमी असल्यानं ते खुशीनं येतात आणि पाठीमागचा रंगवलेला पडदा पण त्यांच्याकडंच माळ्यावर सापडतो. चेहरे देणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी परवानगी घ्या, मित्र असला तरी. प्रिंट मॅट पेपरवर काढा, ग्लॉसी नको, आणि चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे करायचा उद्योग करू नका, त्यानं फोटो जुना दिसत नाही, चहा सांडलेला दिसतो.